जेलमधून आलेल्या माणसांच्या निवासात ड्युटी लागली असेल तर हे वाचा

जेलमधून सुटलेली, प्रोबेशनवर असलेली किंवा जामिनावर असलेली मोठी माणसं एका छताखाली राहतात, सकाळी डबा घेऊन कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात, अशा निवासात जे नवीन लागतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं निवास कोकणात आहे, देवगड-राजापूर पट्ट्यात, त्यामुळे उदाहरणं सगळी इकडचीच येणार, आंबा, मासळी, चिरेखाण, आणि पाऊस तर आहेच. पण दुसरीकडे काम करणाऱ्यांनाही उपयोग होईल असं वाटतं.

आधी थोडं बॅकग्राऊंड, पटकन सांगतो. दिवसा नोकरी आणि रात्री परत कोठडी ही पद्धत अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात १९१३ च्या ह्युबर कायद्याने आली, तिकडे याला वर्क रिलीज म्हणतात. आपल्याकडे तिच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे खुलं कारागृह. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत १९३९ साली काढली, राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून बंदी कुटुंबासोबत राहतात, गावात जाऊन स्वतःचा रोजगार कमावतात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. महाराष्ट्रात खुल्या कारागृहांचे नियम १९७१ चे आहेत आणि तिथे जायचं की नाही हे कारागृह खातं ठरवतं, आपण नाही. आपलं निवास म्हणजे कारागृह नव्हे हे पहिल्या दिवशीच डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

म्हणजे काय ते सांगतो. तुमच्याकडे राहणारी माणसं कागदावर सारखी नसतात. कोणी शिक्षा पूर्ण करून आलेला असतो, तो कायद्याने मोकळा माणूस आहे, तो उद्या सकाळी पिशवी उचलून जातो म्हणाला तर त्याला अडवायचा तुम्हाला काडीचा अधिकार नाही, रात्री ८ ला परत यायचं ही त्याची आणि निवासाची आपसातली बोली आहे. कोणी १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सुटलेला असतो, त्याच्यावर परिविक्षा अधिकाऱ्याची (प्रोबेशन ऑफिसरची) देखरेख असते आणि अट मोडली तर कोर्ट त्याला पुन्हा बोलावू शकतं. कोणी जामिनावर असतो, त्याला अमुक वारी पोलीस स्टेशनला हजेरी, तालुका सोडायचा नाही, साक्षीदाराच्या आसपास फिरकायचं नाही अशा अटी असतात. अधूनमधून संचित रजेवर म्हणजे फर्लोवर आलेला एखादा असतो ज्याला घरच्यांनी दार उघडलेलं नसतं आणि निवासाचा पत्ता मंजूर करून घेतलेला असतो, त्याची परतीची तारीख चुकली तर प्रकरण सरळ पोलिसांकडे जातं. म्हणून ड्युटीवर आल्यावर पहिलं काम, चहा नंतर, आधी प्रत्येकाच्या फाईलमधला कोर्टाचा किंवा कारागृहाचा मूळ कागद स्वतः वाचा. आधीच्या स्टाफने तोंडी सांगितलेलं धरून चालू नका. अटी एका वहीत माणसागणिक लिहा आणि हजेरीच्या तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर फक्त नावाचं आद्याक्षर घालून मार्क करा, बाहेरचा कोणी आला तर त्याला कळायला नको.

आणि जामिनावरच्या माणसाबद्दल एक लक्षात ठेवा, त्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या आकड्यांत देशातल्या दर चार बंद्यांपैकी तीन न्यायाधीन होते, म्हणजे कच्चे कैदी. सगळ्यांना एकाच रंगात रंगवू नका.

पहिले काही दिवस

आतून नुकता आलेला माणूस कसा असतो ते बघितल्याशिवाय कळत नाही. किचनचं दार सताड उघडं आहे, आत वाढपी हाक मारतोय, आणि हा ताट हातात घेऊन उंबऱ्याबाहेर उभा. कोणीतरी "चला" म्हणायची वाट बघतोय. ११ वर्षं प्रत्येक दार दुसऱ्याने उघडलंय आणि दुसऱ्याने लावलंय, पाय आपोआप थांबतात. ताट ५ मिनिटांत रिकामं करतात, एखादी चपाती रुमालात बांधून उशाखाली ठेवतात, पहाटे गिनतीच्या वेळेला उठून अंथरुणावर सरळ बसतात. यावर हसू नका, टोकू पण नका. चपातीचं म्हणाल तर मुंग्या होतात एवढंच, एक झाकणाचा डबा द्या आणि विषय सोडा, काही आठवड्यांत आपोआप बंद होतं.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो ठरवण्याचा. चहा घेणार की कॉफी, कुठला शर्ट घेऊ, एसटीने जाऊ की चालत, या साध्या गोष्टींनी माणूस घामाघूम होतो. सारखं "साहेब, बाथरूमला जाऊ का?" "साहेब, टीव्ही लावू का?" चालू असतं. तुम्हाला मोठेपणा वाटेल, चार माणसं तुम्हाला विचारून हलतायत, पण तो मोठेपणा घेऊ नका. प्रत्येक वेळी शांतपणे "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणा. साहेब म्हणणं पण सोडवा, दादा म्हणू देत, काका म्हणू देत. आणि तुम्ही त्यांना नावाने हाक मारा, वयाने मोठा असेल तर पुढे काका लावा, "ए तीनशेदोनवाल्या" असली हाक गंमतीत पण कोणाच्या तोंडून येता कामा नये, स्टाफच्या नाहीच आणि आपसातही नाही.

गुन्ह्याबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका. कागदावर आहे, तुम्ही वाचलंय, बस. तो सांगेल तेव्हा ऐका, तेव्हा "बरोबर केलंस" पण नाही आणि "कसं रे केलंस तू" पण नाही, फक्त ऐका.

पहिल्या आठवड्यातच दवाखाना करून घ्या. दोन आठवड्यांपेक्षा जुना खोकला असेल तर सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी, बराकींत गर्दी असते आणि टीबी तिथे पसरतो, औषध सरकारकडून फुकट आहे. ज्याला आधी ड्रग्जची सवय होती त्याला स्पष्ट सांगा की आत इतकी वर्षं सुटलेली असते तेव्हा शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते, जुना डोस आता जीवावर बेततो. हे सांगितल्याने कोणी नव्याने सुरू करत नाही, घाबरू नका. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लावा, कायदेशीर मदतीचा १५१०० पण लावा. वकील परवडत नाही म्हणून केस लोंबकळणारे खूप असतात, त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जा, नुसता पत्ता देऊ नका, सोबत जा.

कागदपत्रं हा वेगळाच ताप आहे. आधार आहे पण मोबाईल नंबर जुना, रेशन कार्डावरून नाव काढलेलं, बँक खातं बंद पडलेलं. आधार अपडेट, मग जनधन खातं किंवा पोस्टाचं खातं, मग ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, या क्रमाने करा, उलट केलंत तर दोनदा फेऱ्या होतात.

काम शोधताना आधी कॅलेंडर बघा

आता मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं बघून माझं ठाम मत झालंय की माणूस कामावर असताना सहसा बिघडत नाही, बिघडतो तो संध्याकाळी आणि बिनकामाच्या महिन्यांत. कोकणात तर हे जास्तच, कारण इकडचं काम सगळं हंगामी. दिवाळीच्या आसपास बागांची साफसफाई आणि फवारणी सुरू होते, फेब्रुवारीपासून राखण, मार्च ते मे काढणी, पेट्या भरणं, ट्रक भरणं, तेव्हा माणूस मिळत नाही म्हणून मालक स्वतः फोन करतात. चिरेखाणी, म्हणजे जांभा दगडाच्या खाणी, त्याही तेव्हाच जोरात. आणि मग जून येतो. खाणी बंद, बागेत शुकशुकाट, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, बोटी वर काढून शाकारून ठेवलेल्या. बाहेर पाऊस धो धो, लाईट नाही, खिशात आंब्याच्या सीझनचे पैसे, आणि आठ-दहा माणसं पडवीत बसून एकमेकांची तोंडं बघतायत. सगळी भांडणं, सगळी दारू, सगळे पळून जाण्याचे प्रकार याच दिवसांत.

म्हणून पावसाळ्याची तयारी मार्च-एप्रिलमध्ये करायची, जेव्हा सगळे कामात बुडालेले असतात आणि कोणाला पावसाळा आठवत पण नाही तेव्हा. कामं असतात, शोधावी लागतात. लावणीला माणसं लागतात. आंब्याच्या झाडांना खत घालायचं असतं, पुढे बागेत ग्रास कटर मारायचे असतात आणि ग्रास कटर चालवणाऱ्याला साध्या मजुरापेक्षा जास्त हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, मिळते. जाळी दुरुस्तीचं काम बंदरावर याच दिवसांत असतं. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे नर्सरीतलं कलम बांधणं. कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या आंब्याच्या रोपावर बांधायचं कलम, पावसाळ्यातच बांधतात, बसून करायचं काम, हाताला नाजूकपणा लागतो, आणि एकदा हात बसला की माणूस मजूर राहत नाही, कारागीर होतो. जड कामं करून मोडलेल्या, पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शिकवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ट्रेनिंग असतात, जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्या-जेवणासकट मोफत कोर्स असतात, जागा भरायच्या आत अर्ज टाका.

कुठलं काम कोणाला, यात डोकं वापरा. ज्याला रोज रात्री परत यायचंय किंवा आठवड्याला हजेरी आहे त्याला बोटीवर खलाशी म्हणून पाठवू नका, मोठ्या बोटी दिवसेंदिवस समुद्रात असतात, त्याची इच्छा असली तरी अट मोडते. बंदरावरचं काम द्या, बर्फ फोडणं, टब उचलणं, मासळी निवडणं. ज्याची केस दारूतून झाली त्याला काजू फेणीच्या आसपास नको, हायवेच्या ढाब्यावर पण नको. ज्याचा गुन्हा लहान मुलांशी संबंधित आहे त्याला शाळा, अंगणवाडी, क्रिकेटचं मैदान यांच्या जवळचं काम द्यायचं नाही, इथे दयामाया आणि दुसरा चान्स वगैरे काही नाही, मुलांची सुरक्षितता आधी. काजू फॅक्टरीत बायका जास्त असतात, तिथे कोणाला पाठवायचं हे पण कागद वाचून ठरवा.

शहरातून आलेल्या माणसाला बाग म्हणजे काय ते माहीत नसतं, अनवाणी पाचोळ्यात शिरतो. फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दगडांत बसलेला दिसत पण नाही. गमबूट घेतल्याशिवाय बागेत जायचं नाही हा नियम करा, बूट निवासाने द्यावेत. चावलंच तर दोरी बांधणं नाही, ब्लेड मारणं नाही, गावातल्या कोणाकडे उतरवायला नेणं नाही, १०८ आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर चिखलात उतरवू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आरोग्य केंद्रात विचारून प्रतिबंधाच्या गोळ्या आधीच सुरू करा.

मालकाशी बोलणं

लपवू नका. हे मी पुन्हा लिहितो, लपवू नका. गावात आज ना उद्या कळतंच, आणि मग मालक म्हणतो तुम्ही फसवलंत, आणि त्या एका माणसाबरोबर पुढच्या दहा जणांचं काम जातं. माणसाची परवानगी घेऊन मालकाला एवढंच सांगा की हा शिक्षा भोगून आलाय, गुन्हा साधारण कशाचा होता, परत यायची वेळ काय, आणि अडचण आली तर फोन कोणाला. बारीकसारीक तपशील सांगायची गरज नाही, तो त्याचा विषय. देवगडकडचा एक बागायतदार पहिल्यांदा मला म्हणाला होता, "माका माणूस होयो, पण भानगड नको हां." मी म्हटलं भानगड झाली तर रात्री २ ला फोन करा, मी येतो. त्याला हमी हवी होती ती माणसाची नाही, मागे कोणीतरी उभं आहे याची. आणि एकदा असा शब्द दिलात की रात्री २ ला जायचंच.

मजुरीचं आधीच ठरवा आणि इतर मजुरांना जेवढी तेवढीच याला. "जेलातला आहे, कमीत येईल" असं म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून निघा. दुसरा फास म्हणजे उचल. सीझनच्या सुरुवातीला मालक मोठी रक्कम अंगावर देतो आणि मग फिटेपर्यंत माणूस बांधला जातो, सोडून जातो म्हटलं की "आधी उचल फेड". वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे पण उचलीच्या रूपाने ती मागच्या दाराने येतेच. आमच्याकडे सरळ नियम आहे, आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त उचल घ्यायची नाही आणि घेतली तर आम्हाला माहीत पाहिजे. झाडावर चढायचं काम असेल तर झेला (आंबे काढायची जाळीची काठी) किती लांबीचा आहे, शिडी आहे का, पडला तर खर्च कोणाचा, हे पण तोंडावर विचारा, लाजू नका.

पैसे

पासबुक, एटीएम, पिन सगळं त्याच्याच हातात. तुमच्या कपाटात ठेवलंत की तुम्ही जेलर झालात, आणि एक दिवस हिशेबाचा संशय येणार तो तुमच्यावरच. तुम्ही करायचं ते एवढंच, पगाराच्या दिवशी संध्याकाळी शेजारी बसून वहीवर मांडायला लावा. समजा आठवड्याचे ३००० आले, तर मेसचे किती, घरी किती, मागे टाकायचे किती, खिशात किती. आकडे त्याला बोलू दे, तुम्ही फक्त विचारा "आणि रिचार्जचं?" घरी पाठवायचा आकडा सुरुवातीला बहुतेक जण अवाच्या सवा मोठा सांगतात, इतकी वर्षं काही देता आलं नाही त्याची भरपाई करायची असते, आणि मग तिसऱ्या आठवड्यात जमत नाही आणि लाज वाटून फोनच बंद करतात. छोटा आकडा, पण दर महिन्याला, असं समजवा. बायकोला १००० नियमित आले तर ती त्यावर विसंबू शकते, एकदाच ६००० आले तर तिला काहीच कळत नाही.

स्टाफने कोणाला उसने द्यायचे नाहीत, घ्यायचे तर अजिबात नाहीत. आंब्याची पेटी, सुरमईचा तुकडा, काही नाही. प्रेमाने दिलेलं असतं हे मलाही कळतं आणि नाही म्हणताना जड जातं, पण किचनमध्ये द्या सगळ्यांसाठी असं सांगा, तेवढ्याने मान राहतो.

संध्याकाळ आणि शेवटची एसटी

परत यायच्या वेळेवरून जितकी डोकेदुखी होते तितकी कशावरून होत नाही. पण आपल्याकडची परिस्थिती बघा, शेवटची एसटी चुकली की चुकली, घाटात बंद पडली की दोन तास, आणि खाडीच्या कडेला, खाली वाडीत रेंज नाही, फोन करायचा तर सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढून जावं लागतं. म्हणून नियम असा असावा की उशीर होणार असेल तर कळवायचं, स्वतःच्या फोनवरून नाहीतर मालकाच्या, दुकानदाराच्या, कंडक्टरच्या फोनवरून, आणि कळवलं तर तो उशीर धरायचा नाही. न कळवता आला तर मात्र परिणाम ठरलेला, सगळ्यांना सारखा, आधी लिहून सही घेतलेला. आवडता माणूस म्हणून सोडलंत आणि नावडत्याला धरलंत की संपलं, बाकीचे बघत असतात, तोंडाने बोलणार नाहीत पण नोंद घेतलेली असते.

उशिरा आलेल्याला दारात उभं करून झाडू नका, बाकीच्यांसमोर तर नाहीच. जेवलास का विचारा, जेवू द्या, झोपू द्या, सकाळी एकट्याला बाजूला घेऊन विचारा. एसटी बंद पडली म्हणाला तर डेपोत फोन करून खात्री करा, आणि खरं निघालं तर त्याला जाऊन सांगा की "मी विचारलं, बरोबर होतं तुझं." हे सांगायला फार जण विसरतात, संशय घेताना बोलतात आणि संशय फिटल्यावर गप्प बसतात.

पिऊन आला तर त्या रात्री काही बोलायचं नाही. वाद नाही, उपदेश नाही, बायकोला फोन नाही. कुशीवर झोपवा, पाणी जवळ ठेवा, दर थोड्या वेळाने श्वास बघा, हाक मारून उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर १०८. आणि जो आठवडेच्या आठवडे पितोय आणि अचानक बंद केलीय, हात थरथरतायत, घाम फुटलाय, नसलेली माणसं दिसतायत, त्याला निवासात ठेवायचं नाही, लगेच हॉस्पिटल, त्यात फिट येऊन जीव जातो.

भांडण पेटलं तर आधी बघे बाहेर काढा, निम्मं भांडण त्यांच्यासाठीच चाललेलं असतं. आवाज खाली, हात दिसतील असे, दारात आडवे उभे राहू नका, त्याला बाहेर पडायला वाट ठेवा. कोंडलेला माणूस तुमच्यावर येणार, ज्याने आयुष्याची इतकी वर्षं कोंडीत काढलीत तो तर नक्कीच. हत्यार दिसलं की शहाणपणा नाही, ११२.

रात्री नोंदवही लिहा, न चुकता. त्यात मत नको, जे दिसलं ते. "दारू प्यालेला होता" असं नको, "८:४० ला आला, बोलताना जीभ जड, तोंडाला वास, चालताना भिंत धरली" असं लिहा. ही वही उद्या परिविक्षा अधिकारी बघेल, कदाचित कोर्टात जाईल, आणि तुमच्या एका शब्दावर माणूस परत आत जाऊ शकतो. चांगलं पण लिहा, सलग किती दिवस वेळेवर आला, कोणाचं भांडण सोडवलं. कागदावर फक्त वाईटच साचलं तर तो माणूस कागदावर वाईटच दिसणार. फाईलचे फोटो, माणसांचे फोटो व्हॉट्सअपवर टाकायचे नाहीत, स्टाफच्या ग्रुपवर सुद्धा.

गणपतीला घरी जायचंय

श्रावण लागला की विचारणा सुरू होते. कोकणातल्या माणसाला गणपतीला घर नाही म्हणजे काहीच नाही, चाकरमानी सुद्धा नोकरीवर पाणी सोडून येतात, मग याने काय करावं. पण इथेच सगळ्यात जपून. आपल्याकडचे कितीतरी गुन्हे बांधावरून, वाटेवरून, सामायिक जमिनीवरून झालेले असतात, म्हणजे ज्याला मारलं तो चुलत भाऊ, आणि गणपती सामायिक घरात एकच. याला आरतीला जायचंय तिथे मेलेल्या माणसाची आई बसलेली असणार.

म्हणून गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठरवायचा हा विषय नाही, आषाढातच सुरू करा. आधी घरच्या एका माणसाशी फोनवर, भाऊ असेल तर भावाशी, तुम्ही बोला. त्यांना तो हवाय का, कोण नको म्हणतंय, समोरचं कुटुंब त्याच वाडीत आहे का. जामिनाची किंवा बॉण्डची अट आड येते का ते बघा. पोलीस पाटलाला भेटा, गावकार-मानकऱ्यांपैकी एखाद्या वजनदार माणसाला भेटा, त्यांना न विचारता केलेली गोष्ट गावात टिकत नाही. मग सणाच्या आधी एक छोटी फेरी, दिवसाउजेडी, तुमच्यापैकी कोणीतरी सोबत, दोन तास बसून परत. ती नीट झाली तर सणाला जा, नाहीतर दीड दिवसाचा गणपती निवासात बसवा, आमच्याकडे बसतो, आरत्या घसा फुटेस्तोवर होतात. समोरच्या कुटुंबाने नको म्हटलं तर त्यांचं नको हे शेवटचं. याचं मन मोडेल, मोडू दे, त्यांचं काय गेलंय ते आधी. हे त्याला समोर बसवून सांगायचं, "गावचे नको म्हणतायत" असं मोघम नाही.

शिमग्याला पालखीबरोबर फिरायला सोडताना पण हाच विचार, फक्त त्यात दारूचं वेगळं टेन्शन.

निवासाच्या गावाबद्दल

ज्या गावात निवास आहे त्यांनाही भीती असते आणि ती खोटी नसते. पोरीबाळी आहेत, संध्याकाळी शाळेतून येतात. त्यांना "काही होणार नाही हो" म्हणून वाटेला लावू नका. ग्रामसभेत जाऊन बसा, कोण येतात, कोणाला घेत नाही, वेळा काय, तक्रार कोणाकडे, हे सांगा आणि नंबर द्या. कोणाला घेत नाही हे सांगितल्यावर माणसं बरीच शांत होतात असा अनुभव आहे. पाणंद साफ करायची असेल, बंधारा घालायचा असेल, तर आपली माणसं मदतीला जाऊ देत, पण मजुरांसारखी राबवून घेण्यासाठी नाही, गावकऱ्यांच्या बरोबरीने आणि त्यांच्याच पंगतीला जेवून.

स्टाफचं स्वतःचं

ड्युटी संपली की घरी जा. सतत उपलब्ध राहणारा माणूस वर्षभरात मोडतो आणि मग चिडचिड त्याच लोकांवर निघते. दोघांनी दोन वेगळी उत्तरं देऊ नका, "त्या दादांनी हो म्हटलंय" हे वाक्य रोज ऐकायला मिळेल, त्यावर उत्तर एकच, विचारून सांगतो, आणि खरंच विचारा. स्वतःच्या घरचा पत्ता, बायकोमुलांचे फोटो दाखवत बसू नका, माणूस वाईट आहे म्हणून नाही, नात्याला कडा असावी म्हणून. महिला स्टाफ असेल तर तिला रात्री एकटीला ड्युटी देऊ नका आणि तिला कोणाचं वागणं खटकलं तर पुरावा मागत बसू नका, आधी नोंद करा. आणि एखादा परत आत गेला, जातात काही, तर त्याला मुलाखतीला जाऊन भेटा, सामान जपून ठेवा, त्याची चप्पल-कपडे दुसऱ्याला वाटून टाकू नका.

निवास सोडताना

जायची तारीख दोन महिने आधी ठरवा. आधी खोली बघा, मग काम त्याच पट्ट्यात बघा, खोलीमालकाला पण मालकासारखंच खरं सांगा. जाताना त्याच्या हातात असलं पाहिजे, सुटकेच्या कागदाची आणि कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स, आधार, पासबुक, चालू औषधांची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या, पुढच्या तारखांची यादी, आणि दोन फोन नंबर कागदावर लिहिलेले, मोबाईल हरवतो. जून-जुलैत कोणाला सोडू नका, थांबवता येत असेल तर भातकापणीपर्यंत थांबवा, बाहेर पडल्या पडल्या हाताला काम पाहिजे. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक फोन तुम्ही करायचा, तो करेल याची वाट बघायची नाही, आणि "सगळं ठीक ना?" असं विचारायचं नाही कारण उत्तर "हो" च येतं. काल काय जेवलास, हजेरी किती मिळाली, संध्याकाळी कुठे बसतोस, हे विचारा.